बाल्कनीतील मातीविना लागवड : सेन्सर सारे ठीक सांगत होते, तरी रोपे मेली

बाल्कनीवाला (पुणे), १६ एप्रिल, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी.

कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमची पश्चिमेकडे उघडणारी बाल्कनी आहे आणि गेल्या नोव्हेंबरपासून मी तिथे मातीविना भाजी लावतो आहे. ४ इंची पीव्हीसी पाइपच्या तीन आडव्या वाहिन्या, प्रत्येकीला आठ भोके, जाळीच्या कुंड्यांमध्ये कोकोपीट आणि भाजलेल्या मातीचे गोळे, खाली ४० लिटरची टाकी आणि तिच्यातून अन्नद्रव्यांचे द्रावण वर चढवणारा कूलरचा पंप, असा हा सगळा संसार आहे. द्रावण वाहिनीच्या तळाशी पातळ थराने वाहत जाते आणि दुसऱ्या टोकाने टाकीत परत येते. हिवाळ्यात लेट्युस, पालक आणि पुदिना इतका आला की शेजारीपाजारी वाटावा लागला, आणि त्याच भरात फेब्रुवारीत मी सेन्सरचे काम हाती घेतले.

सध्या ईएसपी-३२ या वायफाय असलेल्या छोट्या संगणक-बोर्डाला पाण्याच्या तापमानाचा डीएस१८बी२०, हवेच्या तापमान-आर्द्रतेचा डीएचटी२२, सामू (पीएच) मोजण्याचा काचेचा प्रोब आणि विद्युत वाहकतेचा (म्हणजे द्रावण किती घट्ट आहे ते सांगणाऱ्या आपल्या ईसीचा) प्रोब असे चार सेन्सर जोडलेले आहेत. दर ५ मिनिटांनी सर्व आकडे वायफायवरून मोबाइलमधील ॲपवर जातात. पंपही याच बोर्डावरून रिलेमार्फत (बोर्डाच्या इशाऱ्यावर उघडझाप करणाऱ्या स्विचमार्फत) चालतो, १५ मिनिटे चालू आणि १५ मिनिटे बंद. प्रोग्राम मी स्वतः लिहिला आहे. अर्थात निम्मा इकडून तिकडून उचललेला आहे, हे मान्य करतो.

गेल्या शनिवारी सकाळी ७ वाजता आम्ही सगळे गावी गेलो आणि रविवारी संध्याकाळी ६ वाजता परत आलो. या दोन दिवसांत मी निदान दहा वेळा ॲप उघडून पाहिले असेल. दर वेळी पाणी २६.८ अंश, ईसी १.३ आणि चारही चौकटी हिरव्या. घरी येऊन बाल्कनीचे दार उघडले, तर लेट्युसची पाने ओल्या कागदासारखी पाइपवर लोळत होती. कुंडी उचलून पाहिली, तर एरवी पांढरीशुभ्र असणारी मुळी तपकिरी होऊन वाळली होती आणि तिचा दोरा हाताला कुरकुरीत लागत होता. पालकाची चार-पाच रोपे तेवढी कशीबशी वाचली. टाकी जवळजवळ भरलेली होती, म्हणजे पाण्याची कमतरता नव्हती. पंप बंद होता. बोर्डावरचा तांबडा दिवा मात्र चालू होता. रीसेटचे बटण दाबताच अर्ध्या मिनिटात सगळे पूर्ववत सुरू झाले, ॲपवर नवा आकडा आला आणि पंपही धावू लागला. समोरच्या बिऱ्हाडातून कळले की शनिवारी ११ च्या सुमारास वीज गेली होती आणि ती दोन-अडीच तासांनी आली. आलेख काढून पाहिला, तर शनिवारी ११.०५ पासून रविवारी ६ पर्यंत, म्हणजे ३१ तास, चारही रेषा फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत.

माझे प्रश्न असे आहेत. वीज आल्यावरही पंप सुरू का झाला नाही? सामूचा प्रोब वेगळ्या पेल्यात ६.१ दाखवतो आणि ईसीच्या प्रोबाबरोबर टाकीत सोडला की ६.९ ते ७.४ च्या दरम्यान नाचत राहतो, त्यामुळे दोन्हींतील एखादा बदलायला हवा का? आणि तिसरे म्हणजे, सामू आपोआप राखण्यासाठी आम्ल सोडणारा छोटा डोसिंग पंप बसवण्याचा विचार आहे, तो कितपत योग्य आहे? पुढच्या महिन्यात पुन्हा आठवडाभर बाहेर जायचे असल्यामुळे हे सर्व त्याआधी मार्गी लागावे अशी इच्छा आहे.

---

सोल्डरगन (नाशिक), १७ एप्रिल, सकाळी ८.४५

आपले सेन्सर निर्दोष आहेत असे माझे मत आहे. वीज गेल्यानंतर त्यांनी काही सांगितलेच नाही. सांगत राहिले ते ॲप, आणि तेही शनिवारचे शिळे आकडे.

वीज आल्यानंतर काय घडले असावे ते तुमच्या वर्णनावरून बरेचसे स्पष्ट होते. ईएसपी-३२ एक-दोन सेकंदांत जागा होतो, तर घरातील राउटरला पूर्ण सुरू व्हायला दीड-दोन मिनिटे लागतात. इंटरनेटवर मिळणाऱ्या बहुतेक नमुना प्रोग्रामांमध्ये सुरुवातीलाच ‘वायफाय मिळेपर्यंत येथेच थांब’ असा एक फेरा असतो, आणि त्यात पुन्हा प्रयत्न करण्याची सोय नसते. बोर्डाने पहिल्या झटक्यात वायफाय शोधले, राउटर अजून उठलेला नव्हता, शोध फसला आणि बोर्ड त्या फेऱ्यातच अडकून बसला. पंप चालू करण्याची ओळ त्या फेऱ्याच्या खाली असल्यामुळे ती कधी आलीच नाही. रीसेट दाबले तेव्हा राउटर चालू होता, म्हणून अर्ध्या मिनिटात सर्व जुळले. तुमच्या प्रोग्राममध्ये हा फेरा आहे की नाही ते एकदा पाहून घ्या. मला तरी तो असल्याची जवळजवळ खात्री आहे, कारण याच फेऱ्याने माझी दोन वर्षांपूर्वी २० रोपे खाल्ली आहेत.

दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागेल. प्रोग्राममध्ये पंपाचे वेळापत्रक पूर्णपणे बोर्डाच्या अंतर्गत घड्याळावर ठेवा आणि वायफायची जोडणी ही मागे चालणारी, जमली तर उत्तम अशी गोष्ट माना. त्यापेक्षाही महत्त्वाची दुरुस्ती तारेची आहे. रिलेला तीन टोके असतात: सामाईक, एरवी उघडे आणि एरवी जोडलेले. आपण सर्वजण सवयीने पंप ‘एरवी उघडे’ या टोकाला लावतो, म्हणजे बोर्ड जिवंत असेल तरच पंप चालतो. तो ‘एरवी जोडलेले’ या टोकाला लावा आणि प्रोग्राममध्ये रिलेचा अर्थ उलटा करा: पंप थांबवायचा असेल तेव्हाच रिले ओढला जाईल. मग बोर्ड अडकला, जळला किंवा त्याचा अडॅप्टर गेला, तरी वीज असेपर्यंत पंप अखंड वाहत राहील. पातळ थराच्या पद्धतीत पंप अखंड चालल्याने रोपांचे काहीही बिघडत नाही. १५ मिनिटांची विश्रांती ही आपली वीज वाचवण्याची हौस आहे. हे काम २३० व्होल्टचे आणि ओल्या जागेतले आहे, तेव्हा रिले झाकणाच्या पेटीत असू द्या आणि त्या जोडणीवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवून घ्या, बाकीचे नंतर.

आता शिळ्या आकड्यांविषयी. ॲपच्या चौकटीत आकड्याशेजारी ‘किती मिनिटांपूर्वीचा’ हे दिसलेच पाहिजे, आणि १५ मिनिटांपेक्षा जुना आकडा हिरवा न राहता राखाडी झाला पाहिजे. तुमचे ॲप ते करू देत नसेल, तर होम असिस्टंट आणि ईएसपीहोम या घरातील उपकरणे जोडण्याच्या सॉफ्टवेअरकडे वळा. तिथे उपकरणाचा संपर्क तुटला की आकड्याच्या जागी ‘अनुपलब्ध’ असे येते. एमक्यूटीटी (मध्यस्थ सर्व्हरमार्फत उपकरणांचे निरोप पोहोचवण्याची पद्धत) वापरणार असाल, तर त्यात ‘लास्ट विल’ नावाची सोय आहे. उपकरण जोडले जातानाच आपले मृत्युपत्र मध्यस्थाकडे ठेवते आणि ते अचानक गप्प झाले की मध्यस्थ ते सर्वांना वाचून दाखवतो. हे सर्व उत्तम आहे, पण मध्यस्थ तुमच्याच घरात आणि राउटरही तुमच्याच घरात असेल, तर वीज गेल्यावर मृत्युपत्र वाचायलाही कोणी उरत नाही. त्यासाठी पहारेकरी घराबाहेर हवा. दर ५ मिनिटांनी बोर्डाने इंटरनेटवरील एखाद्या सेवेला ‘मी आहे’ एवढाच निरोप धाडायचा, आणि १० मिनिटे तो आला नाही तर त्या सेवेने तुम्हाला टेलिग्रामवर कळवायचे. अशा सेवा विनामूल्य मिळतात. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर नुसती वीज गेली आहे की सगळेच बंद पडले आहे, हेही वेगळे ओळखता येते.

सरळ रेषेबद्दल एक गोष्ट राहिली. पश्चिमेच्या बाल्कनीतील ४० लिटर पाणी एप्रिलच्या दुपारी आणि पहाटे एकाच तापमानाला राहणे अशक्य आहे. दोन तास तापमान दशांशानेही हलले नाही, तर तो आपोआप बिघाड समजावा, एवढा एक नियम मी माझ्याकडे घालून ठेवला आहे आणि त्याने मला तीनदा वाचवले आहे.

सामूचे नाचणे हा प्रोबांचा दोष नाही. ईसीचा प्रोब पाण्यातून विद्युतप्रवाह सोडूनच मोजमाप करतो, आणि सामूच्या काचेच्या प्रोबाचा अंतर्गत रोध इतका प्रचंड असतो, की त्याला तो शेजारचा अल्पसा प्रवाहही सामूतील बदल वाटतो. दोघांची ‘ग्राउंड’ एकच असल्यामुळे हा घोटाळा होतो. एकतर विलगीकरण असलेला महाग बोर्ड घ्यावा, किंवा ईसीच्या बोर्डाचा वीजपुरवठा एका ट्रान्झिस्टरमधून देऊन तो सामू वाचताना पूर्ण तोडावा, १० सेकंद थांबावे, सामूची वीस-तीस वाचने घेऊन मधले धरावे आणि मग उलट क्रमाने ईसी वाचावा. पंपही त्या वेळी बंद असलेला बरा, कारण स्वस्त पंपाची गळती पाण्यात उतरते. शिवाय दोन्ही बोर्डांच्या तारा ईएसपी-३२ च्या ३२ ते ३९ या क्रमांकांच्या पायांवरच आहेत ना, ते पाहा. दुसऱ्या गटाचे पाय वायफाय चालू असताना ॲनालॉग वाचनासाठी चालत नाहीत. ५ व्होल्टवर चालणारा सामूचा बोर्ड ७ सामूला सुमारे २.५ व्होल्ट देतो आणि आम्लाकडे गेल्यावर तो आकडा वाढतो, तेव्हा ३.३ व्होल्टच्या पायाला तो थेट न जोडता दोन रेझिस्टरनी विभागून द्यावा.

---

निवृत्त_रसायन (कोल्हापूर), १७ एप्रिल, दुपारी ४.१०

सोल्डरगन यांनी तारांचे सांगितले, मी पाण्याचे सांगतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ३० वर्षे सामूमापके हाताळल्यानंतर आपोआप आम्ल सोडणाऱ्या पंपाविषयी माझे मत अगदी स्वच्छ आहे: घरगुती ४० लिटरच्या टाकीला तो लावू नये.

कारण हिशेबातच आहे. मऊ पाण्यात, समजा लिटरला ५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी बायकार्बोनेटची आम्ल शोषण्याची क्षमता असली, तर ४० लिटर पाण्यातील ती सर्व क्षमता संपवायला ८५ टक्क्यांचे फॉस्फोरिक आम्ल जेमतेम ३ मिली पुरते. तेवढे पडले की सामू साडेचारच्या आसपास येतो आणि त्यापुढे एकेक थेंब त्याला खाली ढकलतो. डोसिंग पंप एवढे आम्ल काही सेकंदांत सोडू शकतो. आता तुमचा प्रोब टाकीत असताना खऱ्यापेक्षा एक अंक जास्त दाखवतो, असे तुम्हीच लिहिले आहे. पंपाने त्या आकड्यावर विश्वास ठेवला असता तर काय झाले असते, याचा विचार करावा. वीज गेल्याने रोपे एका दिवसात गेली. आम्लाची अख्खी बाटली टाकीत गेली असती तर त्याला तेवढाही वेळ लागला नसता. लावायचाच असेल तर आम्ल शंभरपट पातळ करून ठेवावे, एका दिवसाची कमाल मात्रा प्रोग्राममध्ये बांधून टाकावी आणि बाटलीतच तेवढे ठेवावे, की सगळे सांडले तरी रोपे मरणार नाहीत.

प्रोबाविषयीही थोडे सांगतो. बाजारात बोर्डाबरोबर मिळणारा काचेचा प्रोब हा प्रयोगशाळेतील पद्धतीचा आहे. बुडवावा, वाचावा, धुवावा आणि ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये परत ठेवावा, अशी त्याची दिनचर्या असते. महिनोन्महिने द्रावणात पडून राहण्यासाठी तो केलेला नाही. त्याच्या काचेवर शेवाळाचा आणि क्षारांचा पातळ पापुद्रा धरतो आणि तो हळूहळू आळशी होतो. तो शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड पाण्यात तर मुळीच ठेवू नये. अनेकजण स्वच्छतेच्या भाबड्या कल्पनेने तसे करतात आणि प्रोब घालवून बसतात.

४.०१ आणि ६.८६ या दोन बफरांच्या (ठरावीक सामूच्या द्रावणांच्या) पुड्या सहज मिळतात. दर पंधरा दिवसांनी त्या दोन्हींत प्रोब बुडवून बोर्डाचे व्होल्टेज वहीत लिहावे. प्रोब नवा असताना त्या दोन व्होल्टेजमधील जो फरक असेल, तो १५ टक्क्यांनी घटला की प्रोब म्हातारा झाला असे समजून बदलावा. वही हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण हे आकडे ॲपमध्ये ठेवले की कोणी परत पाहत नाही.

तापमानाच्या दुरुस्तीविषयी बऱ्याच चर्चांमध्ये गोंधळ दिसतो, म्हणून लिहितो. सामूच्या प्रोबाचा उतार २५ अंशांना दर अंकामागे ५९.१६ मिलिव्होल्ट असतो आणि ३५ अंशांना तो सुमारे ६१ होतो. आपण ६ च्या आसपास मोजतो, म्हणजे ७ पासून एकच अंक दूर असतो. त्यामुळे दुरुस्ती न केल्याने होणारी चूक ०.०३ इतकी नगण्य राहते. ईसीची गोष्ट वेगळी आहे. द्रावणाची वाहकता दर अंशामागे सुमारे २ टक्क्यांनी वाढते, म्हणजे २५ अंशांना १.३ असलेले द्रावण ३५ अंशांना दुरुस्तीविना १.५६ दिसेल. लोक ते पाहून साधे पाणी ओततात आणि रोपांना उपाशी ठेवतात. तेव्हा डीएस१८बी२० चा आकडा ईसीच्या सूत्रात वापरावा, सामूच्या सूत्रात नसला तरी चालेल. त्याचप्रमाणे टीडीएसच्या (पाण्यातील विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या) पेनवरील ‘पीपीएम’ दुसऱ्याला सांगताना आधी पेन कोणत्या गुणकाचा आहे ते सांगावे. ईसीच्या १ मिलिसीमेन्सला काही पेन ५०० म्हणतात, काही ७००. आणि त्यावरून भांडणे होतात.

लेट्युसला सामू ५.५ ते ६.५ आणि ईसी ०.८ ते १.२ पुरेसा असतो, तुमचा १.३ हा उन्हाळ्यासाठी जरा जडच म्हणावा लागेल. उन्हात रोपे अन्नापेक्षा पाणी अधिक ओढतात, त्यामुळे टाकीतील पाणी घटते आणि उरलेले द्रावण घट्ट होत जाते. रविवारी सकाळी चहा झाल्यावर सामू व ईसी हाताने मोजावा, एवढ्याने घरच्या २४ रोपांचे काम भागते. या दोन गोष्टी दिवसागणिक बदलतात, मिनिटागणिक नव्हे. त्या ५ मिनिटांनी मोजून आलेख सुंदर दिसतो, एवढाच त्याचा उपयोग आहे.

---

रत्नागिरीकर, १७ एप्रिल, रात्री ९.३०

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, फक्त एक गोष्ट सुटली असे वाटते. वीज जाणारच, राउटर झोपणारच, तेव्हा पंप बंद पडल्यावर रोपे किती तास तग धरतात हे आधी वाढवावे आणि मग निरोपांच्या मागे लागावे.

तुमच्या वाहिनीच्या टोकाच्या झाकणाला परतीचे भोक बहुधा अगदी तळाशी आहे. त्यामुळे पंप थांबला की दहा मिनिटांत वाहिनी रिकामी होते आणि मुळी उघडी पडते. ते भोक बुजवून तळापासून २ सेंमी वर नवे पाडा. मग पंप बंद असला तरी प्रत्येक वाहिनीत २ सेंमी पाणी उभे राहील आणि मुळांची टोके त्यात बुडलेली राहतील. वरची मुळे हवेत असल्यामुळे ती गुदमरत नाहीत. आमच्याकडे पावसाळ्यात झाडे पडून दिवस-दिवस वीज नसते, तरी गेल्या तीन वर्षांत मी या एका बदलामुळे एकही पीक गमावलेले नाही. या दुरुस्तीला लागतो तो २० मिमीचा ड्रिल बिट आणि थोडा सिलिकॉन.

दुसरी चिंता पाण्याच्या उष्णतेची. २० अंशांना पाण्यात लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तो ३० अंशांना ७.६ वर येतो आणि नेमकी त्याच वेळी मुळांची श्वासाची गरज वाढलेली असते. मूळकूज करणारा पिथियम हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव अशाच पाण्याची वाट पाहत असतो. तुम्ही टाकीचा रंग सांगितलेला नाही, पण निळी किंवा काळी असेल तर तिला थर्माकोलचे अंगरखे घालून वर पांढरा रंग द्या. फ्रीजरमध्ये गोठवलेली १ लिटरची बाटली ४० लिटर पाणी साधारण अडीच ते तीन अंशांनी उतरवते. दुपारी १ वाजता एक आणि ४ वाजता एक, असा आमच्या घरचा मे महिन्याचा पाठ आहे. पाण्याचे तापमान २९ च्या वर गेले की मोबाइल वाजावा, हा मात्र सेन्सरचा खरा उपयोग आहे.

प्रवाह मोजण्यासाठी मी चाकाचा फ्लो सेन्सर लावला होता, तो कोकोपीटच्या तंतूंनी दोन महिन्यांत अडकला. त्याऐवजी आता दोन डीएस१८बी२० वापरतो. एक टाकीत, दुसरा वाहिनीतून परत येणाऱ्या नळीत. पाणी वाहत असते तेव्हा दोन्हींत फार तर एखाद्या अंशाचा फरक असतो. प्रवाह थांबला की नळीतील सेन्सर हवेच्या तापमानाकडे सरकू लागतो आणि फरक वाढत जातो. दोन्ही एकाच तारेवर जोडता येतात, ४.७ किलोओहमचा एकच रेझिस्टर पुरतो. पहाटे हवा आणि पाणी एकाच तापमानाला आले की ही युक्ती आंधळी होते, हेही सांगून ठेवतो; म्हणून टाकीत पाण्याच्या पातळीचा साधा तरंगता स्विच हवाच. ध्वनिलहरींनी पातळी मोजणाऱ्या अल्ट्रासोनिक सेन्सरच्या नादी लागू नका. त्याच्या जलरोधक प्रकाराला पाण्यापासून २० सेंमीपेक्षा अधिक अंतर लागते, ते छोट्या टाकीत कुठून आणणार?

---

बाल्कनीवाला, ३० मे, रात्री ११.०५

उशिरा लिहितो आहे याबद्दल क्षमस्व, पण आधी करून पाहावे आणि मग सांगावे असे ठरवले होते.

सोल्डरगन, तो फेरा प्रोग्राममध्ये होताच, अठराव्या ओळीवर. तो काढला, पंप ‘एरवी जोडलेले’ टोकाला लावला, आरसीसीबी इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला. मग एका रविवारी मुद्दाम मेन स्विच बंद करून हातात मोबाइल घेऊन बसलो. बाराव्या मिनिटाला ‘बाल्कनी गप्प आहे’ असा निरोप आला आणि मुलीने टाळ्या वाजवल्या. राउटरचा यूपीएस आता आणला आहे. ईसीचा पुरवठा तोडून वाचल्यावर टाकीतील सामू आणि पेल्यातील सामू यांत ०.१ चाही फरक राहिला नाही.

त्यानंतर निवृत्त_रसायन यांचे ऐकून सामूचा प्रोब टाकीतून काढूनच टाकला. रविवारच्या चहानंतर हाताने मोजतो आणि वहीत लिहितो. डोसिंग पंपाचा बेत रद्द. (ज्या दुकानातून तो मागवला होता त्यांनी परत घेतला नाही, त्यामुळे तो आता मुलीच्या शाळेच्या प्रकल्पात सरबत ओततो आहे.)

रत्नागिरीकर, भोक २ सेंमी वर घेतल्यावर मे महिन्यातल्या एका दिवशी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ पंप बंद ठेवून पाहिला. दुपारी पालक किंचित मान टाकून होता, पंप चालू केल्यावर तासाभरात ताठ झाला. आमची टाकी निळीच होती. थर्माकोल, पांढरा रंग आणि बाटल्या यांमुळे पाणी २८.५ च्या वर गेले नाही, पूर्वी ते ३२ पर्यंत जात असे. आठवडाभर गावी राहून आलो आणि सर्व रोपे जागेवर होती.

परंतु परवा वेगळेच घडले. तिसऱ्या वाहिनीत पुदिना आहे. त्याच्या मुळांचा जटेसारखा पुंजका परतीच्या भोकात जाऊन बसला, वाहिनी भरून द्रावण कुंड्यांच्या भोकांतून वर आले आणि खाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पडले. काकूंचा फोन प्रथम आला. टाकीच्या तरंगत्या स्विचचा निरोप त्यानंतर वीस मिनिटांनी. पाणी वाहत असले तरी ते नको तिथे वाहते आहे, हे कोणत्या सेन्सरने कळावे?

---

सोल्डरगन, ३१ मे, सकाळी ७.५०

बाल्कनीच्या फरशीवर, उताराच्या टोकाला, जमिनीपासून २ मिमी उंचीवर दोन उघड्या तारा ठेवा आणि त्या ईएसपी-३२ च्या एका पायाला जोडा. ओल आली की निरोप, आणि त्याच क्षणी रिले ओढून पंप बंद. ‘एरवी जोडलेले’ असूनही येथे बोर्ड जिवंत असल्यामुळे पंप थांबवता येतो, आणि उभे २ सेंमी पाणी असल्यामुळे तुम्हाला घरी पोहोचायला वेळही मिळतो. तारा स्टेनलेस स्टीलच्या घ्या आणि त्यांत वीज सतत न ठेवता मिनिटातून एकदाच द्या, नाहीतर तांबे महिन्याभरात हिरवे होऊन गळून पडेल. बाल्कनी धुताना ते बंद करण्यासाठी एक छोटा स्विच ठेवावा, असा अनुभवाचा सल्ला.

---

रत्नागिरीकर, ३१ मे, सकाळी ८.३०

तारा ठेवाच, पण त्याआधी त्याच झाकणाला तळापासून ४ सेंमीवर दुसरे भोक पाडून त्याची नळी टाकीत सोडा. खालचे बुजले तर पाणी वरच्याने टाकीतच जाईल. पुदिना मुळात पाइपचे पीक नाही, त्याला झाकणाची वेगळी बादली द्यावी. सध्या तो हलवायचा नसेल, तर वाहिनी उघडून भोकाकडची मुळे कात्रीने कापून टाका. एक तृतीयांश गेली तरी तो आठवड्यात सावरतो. काकूंकडे एक जुडी पोहोचवायला विसरू नका.